नळीखालचं लाकूड

बाबा, तुमच्या बंदुकीच्या नळीखालचं लाकूड माझ्याकडे आहे. यवतमाळात, माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. वीतभर तुकडा, पण तो नसला तर नळी दस्त्यावर टिकत नाही, हे तुम्हीच दाखवलं होतं. धाकट्याला न विचारता मी तो घरून उचलून आणला, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

तुमच्या मागं परवाना धाकट्याच्या नावावर झाला. वाईट नाही हो तो. शेत तुमच्यापेक्षा नीट करतो. तुम्हाला आवडणार नाही, पण खरं आहे. फक्त संध्याकाळ झाली की ओसरीत खाट टाकून बसतो, हाताशी बाटली अन् मांडीवर भरलेली दुनळी बंदूक. डुकरं आजकाल उजेडातच तुरीत शिरतात, म्हणून जवळ ठेवतो म्हणे. मी बोलले की, "ताई, तू कायले टेन्शन घेऊन राह्यली? माह्या हातात आहे ना ते." अरे, तुझ्या हातात आहे म्हणूनच तर! निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेवढेच दिवस मी निवांत असते. लोक उमेदवारांना शिव्या देतात आणि मी मनात म्हणते, बाराही महिने होऊ द्या निवडणुका.

दिवाळीनंतर मी गेले होते. तिन्हीसांजेला माय गोठ्यामागं गोवऱ्या आणायला गेली. तिची कंबर आता किती वाकली आहे, ते तुम्ही पाहिलं नाही. तुराट्यांच्या गंजीमागं काहीतरी खसफसलं आणि हा खाटेवरून उठतो, झोक जातो, सावरतो, नळी तिकडं वळवतो. "डुक्कर आहे," म्हणतो, अगदी हळू, मोठ्या हुशारीनं. मला कळतंय तिथं कोण आहे. तेवढ्यात भावजयीनं चुलीपासून हाक मारली, "माय, भेटल्या का वं गोवऱ्या?" आणि गंजीमागून आवाज आला, "आली वं, आली." धाकटा मटकन खाली बसला. मग हसला. "मी काही बार काढला नसता," म्हणाला, आणि परत ग्लास भरला. माय टोपलं घेऊन आली ती चूल विझली म्हणून भावजयीवर कावली. तिला अजूनही माहीत नाही.

सकाळी तो डेअरीवर दूध घालायला गेला तेव्हा मी बंदूक उघडली, काडतुसं काढून डब्यात ठेवली, लाकूड सोडवलं आणि पिशवीत चिवड्याखाली दडवून एसटीत बसले. यवतमाळ येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. आता रोज फोन येतो. आधी मला चोट्टी म्हणून झालं, मग विनवणी. "ताई, अर्धी तूर लोळवली वं डुकरांनी. फटाक्याले भेत नाहीत ते." माय म्हणते, "आणून दे, त्याचं तोंड पाहवत नाही." नवरा म्हणतो, उद्या ठाण्यात कळलं तर तुझी नोकरी जाईल. सगळ्यांचंच बरोबर आहे. मी मात्र दाराची कडी वाजली तरी दचकते, कपाट उघडून बघते, परत लावते.

काल तो शुद्धीत होता. म्हणाला, "बाबासारखं करतो. प्यायच्या आधी नळी काढून मायजवळ देईन. बाबाचं कधी काही झालं काय?" तुमची ही रीत गावात अजून सांगतात. बोरी अरबच्या बाजारातून बाटली घेऊन आलात की बूच काढायच्या आधी बंदुकीची नळी काढायचात. माय ती धान्याच्या कोठीत खुपसायची आणि तुम्ही नुसता दस्ता भिंतीला टेकवून बसायचात. काय शहाणा माणूस, असं लोक म्हणतात.

धाकटा तेव्हा पाळण्यात होता, त्याला तो पोळा माहीत नाही. तोरणाखाली आधी कोणाची जोडी, यावरून तुमचं मोठ्या काकाशी वाजलं. पिऊन घरी आलात आणि मायला म्हणालात, "नळी आण." ती एकदा नाही म्हणाली. दुसऱ्यांदा तुम्ही नुसतं बघितलं. तिनं कोठीत हात घातला. अंगणात उभं राहून तुम्ही काकाच्या घरावरून दोन बार काढले. कोणाला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काका चहाला आला, सगळे हसले, मायसुद्धा हसली. मी कोठीमागं होते, फ्रॉक ओला झालेली. कोणी विचारलं नाही.

मायजवळ नळी देतो म्हणणाऱ्याला कसं सांगू, की माय मागितल्यावर देते? त्यासाठी तुमचं सांगावं लागेल, आणि तो तुमच्या फोटोला हात जोडल्याशिवाय घराबाहेर पाय टाकत नाही. हे पत्र त्याला वाचायला द्यावं असं मनात आलं होतं. नाही होणार माझ्यानं. तुम्हाला तरी एक सांगते, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले, खोटं नाही. आणि त्या रात्री इतकी गाढ झोपले, की सकाळी मायला मला हलवून उठवावं लागलं.