आधी 'अभय'मध्ये बघ

प्रिय अभय,

तू गेल्यापासून पहिल्यांदाच तुला लिहितेय, आणि सुरुवात भांडणानंच करते. काय रे, फोल्डरला कुणी स्वतःचं नाव देतं का?

आपल्या ऑफिसात आठवडाभर नुसता गोंधळ. तुझ्या जागी आलेल्या किशोरनं आपल्या ॲपमध्ये कॅलेंडरचं नवं पॅकेज घातलं, तरी स्क्रीनवर जुनंच कॅलेंडर. पुसलं, परत घातलं, पुन्हा तेच. पोरं हसून 'भुताटकी' म्हणाली आणि मला तुझी करामत आठवली. सगळ्या फायली जोडून गठ्ठा बांधणाऱ्या त्या बंडलरला तू शिकवून ठेवलं होतंस ना, की कुणी कुठलंही मॉड्यूल, म्हणजे कोडचा तुकडा, मागितलं तर आधी 'अभय' फोल्डरमध्ये बघ, तिथं नसेल तरच बाकीकडं शोध! तू दुरुस्त केलेलं कॅलेंडर तिथं ठाण मांडून बसलं होतं. मी किशोरला सांगितलं. तो म्हणाला, तूच काढ तो नियम. मला अजिबात काढायचा नव्हता. तो गठ्ठा बांधला जाताना, म्हणजे बिल्ड चालू असताना, स्क्रीनवरून तुझं नाव सरकत जायचं, तेवढीच आपली भेट व्हायची.

घरी वेगळीच तऱ्हा. कासारसाईच्या वळणावर तुझी गाडी घसरली, तेव्हापासून आईंचं चित्त थाऱ्यावर नाही. संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावतात, माणच्या रस्त्यावर कंपनीच्या कॅब दिसल्या की दारात येतात आणि हाक मारतात, "अभय, आलास का रं?" मी सांगते, आई, अभय नाही, मी आहे. मग त्या रडतात. रोज नव्यानं रडतात रे, आजच कळल्यासारखं.

आज दुपारी मी तो नियम काढला, फोल्डर पुसलं. मनातून वाटत होतं, सगळं कोसळावं, लाल एररची रांग लागावी, तुझ्यावाचून काहीतरी अडावं. एकही एरर आली नाही, अभय. बिल्ड निमूट पार पडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. घरी आले तर आई दारातच. "अभय, आलास का रं?" मी चपला काढल्या आणि म्हणाले, "व्हय आई, आलोय." त्या हसल्या. पाण्याचा तांब्या पुढं केला. उद्याही त्या हाक मारतील आणि मीच ओ देईन. तुझ्या जागी उभी राहतेय, म्हणून आधी तुला सांगितलं. रागावू नकोस.

अजून तुझीच,
तृप्ती