गोठ्याच्या भिंतीतली भोकं

बंगळूर, मंगळवार

ती. अप्पा,

शिवानीचा शरणार्थ.

मी बरी हाय. प्रशिक्षणात किडे ओळखताना एक माशी चावली, हात सुजला होता, तो उतरला. आईला सांगू नका.

फोनवर तुमी मधीच "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायलेय. आईच्या गुलाबाची पानं गोल गोल कापलेली दिसली म्हणून तुमी रविवारी औषध फवारणार म्हणालात. फवारू नका. ते अळीचं काम न्हाई. इथल्या बागेत तसंच पान कापणारी एक माशी मी बाटलीत धरली. पुस्तकातल्या चित्रांशी ताडताना दोनदा चुकले. शेवटी पोट पाहिलं, तर पराग मधमाशीसारखा पायाला न्हाई, पोटाखालच्या केसांत भरलेला! ही रानमाशी पानाचा तुकडा भोकात नेते आणि त्यात अंडं घालते. आपल्या तुरीच्या फुलांवर फिरून शेंगा धरवते ती हीच.

अप्पा, तसली भोकं आपल्या गोठ्याच्या भिंतीत होती. मागच्या दिवाळीला पांढरी माती कालवून मीच ती एकेक बुजवली, अन् तुमी शाबासकी दिली. आत अंडी असतील, हे तवा ठाऊक नव्हतं.

कंबर कशी हाय? फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका, हे कमरेसाठीबी सांगायलेय.

यंदा आई भिंत सारवील तेव्हा खिडकीखालची बुजवलेली भोकं उकरून तेवढी हातभर जागा तशीच सोडा. लोक हसतील, हसू द्या. कुणी विचारलं तर सांगा, तेवढी भिंत पोरीच्या नावावर केलीय.

तुमचीच लेक,
शिवानी