त्यांचा आवाज येईपर्यंत

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आत्ता पहिला फोन तुम्हालाच करावासा वाटला. मी जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, कंपनीच्या मागच्या खोलीत स्क्रीनसमोर बसलोय. डिप्लोमा अर्धवट सोडलेला तुमचा मुलगा आता आफ्रिकेत सौर विजेचे कंटेनर पाठवणाऱ्यांकडे कामाला आहे. आमचा एक कंटेनर मलावीतल्या एका गावाचा दवाखाना आणि मोबाइल टॉवर चालवतो. तिथला मुख्य स्विच जळत आला होता, पण चालू होता. तो बदलायला गेलेल्या तंत्रज्ञ बाईंना मी इथून लाईन बंद करून दिली. "जर्मनी, चहाला उठू नकोस हं!" त्या हसून म्हणाल्या. मी नगरचा आहे, हे त्यांना कितीदा सांगितलंय. लाईन गेली तसा टॉवर गेला, आणि त्यांचा फोनही. माझं बटण सॅटेलाइटवरून चालतं, त्यांचा आवाज मात्र टॉवरवरूनच येतो. म्हणजे मी चालू केल्याशिवाय त्या बोलू शकत नाहीत, आणि काम झालं असं त्या स्वतः बोलल्याशिवाय मी चालू करायचं नाही, असा नियम.

मघाशी त्यांच्या ड्रायव्हरनं लांबच्या टेकडीवर चढून, दुसऱ्या टॉवरच्या रेंजमधून फोन केला. "मॅडमचं झालंय. चालू कर." मी म्हटलं, त्यांनाच बोलू दे. "कशा बोलणार? त्यांचा फोन तूच बंद पाडलास की!" त्यांना वर घेऊन ये, म्हटल्यावर तो काहीतरी पुटपुटला आणि फोन कट झाला. साहेब मागेच उभे होते. "आल्झो, हे बघ, निरोप आला. आता काय हवंय तुला, सरकारी शिक्का? फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसी आहेत. त्यांच्या आयांना तू सांगणार का?" मग हळूच, "तुझी प्रोबेत्साइट अजून संपलेली नाही." नोकरी कायम व्हायची आहे, हे मला आठवण करून द्यायला नको होतं.

तुम्ही सबस्टेशनला ऑपरेटर होतात. लहानपणीचा तो दिवस अजून दिसतो: मी तुमचा डबा घेऊन आलोय, दाराशी गाव जमलंय, गिरणीवाला ओरडतोय, "अहो, तुमचा लाइनमन टपरीवर चहा ढोसतोय, या डोळ्यांनी बघितला!" तुम्ही खुर्चीवरून हलत नाही. "लाईनवर कामाचं परमिट त्यानं घेतलंय, काम झाल्यावर परत तोच करील. तोवर लाईन बंद." लाइनमन खरंच चहा पीत होता. गाव कितीतरी दिवस हसलं. आई म्हणाली, "एवढं धरून बसायला कुणी सांगितलं होतं?" तुम्ही ताट पुढे ओढलंत. त्या दिवशी तुमचं चुकलंच होतं, बाबा. आज माझंही तसंच असेल. त्या बाई हात धुऊन गाडीत बसल्या असतील, आणि माझ्या हट्टापायी लसी वाया जात असतील. किंवा शेवटचा एक नट आवळायला त्या पुन्हा आत वाकल्या असतील. मला दोन्ही सारखंच स्पष्ट दिसतंय.

फोन वाजत नाहीये. साहेब पुन्हा मागे येऊन उभे आहेत. हे पत्र कुठेच जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला काही कळवायचंही नव्हतं. हात मोकळे राहिले तर मी बटण दाबेन, म्हणून लिहीत बसलोय.