कुंपणालगतच्या निळ्या फुलांचा वारस

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम (आता बंद), डोकं ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणण्याची कोणाची छाती नाही, हे घरचे सांगतील.

१. राहतं घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या मुलीस. तिने रडत बसू नये; स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो आधी बघावा.

२. शिवणयंत्र नातीस. मोठी कात्री धाकट्या बहिणीस. कात्री आपलीच असल्याचं ती तीस वर्षं सांगत आली आहे. घे बाई एकदाची.

३. आरामखुर्ची जावईबापूंस. त्यांनी तिच्यात बसावं व शक्यतो उठू नये. कारण नमूद करते. तीन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला त्यांनी हौसेने अंगण साफ केलं. "आई, बघा कसं चकाचक! सगळं तण उपटून जाळलं." ते तण म्हणजे कुंपणालगत मी अकरा वर्षं वाढवलेली निळी रानफुलं. त्यांचं बी वाळूत मिसळून वरवर भुरभुरायचं, पुरायचं नाही. वाळलेले दांडेही कापायचे नाहीत, कारण त्यांच्या पोकळीत इवल्याशा रानमधमाश्या अंडी घालतात. मी जावयांना चहा दिला आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

४. कुंपणालगतचा तो पट्टा शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तहहयात सांभाळावा. मुलीने त्यांना फाटकाची किल्ली द्यावी. होय, तेच सर, ज्यांनी माझ्या 'कचऱ्या'बद्दल नगरपालिकेत तीन तक्रारी केल्या. कबूल करते, दर तक्रारीनंतर मी मूठभर बी त्यांच्या हिरवळीवर फेकलं. जावयांच्या प्रतापानंतर काही महिन्यांनी सर पाकीट घेऊन दारात आले. "तुमचा कचरा माझ्याकडे उगवलाय. हे बी घ्या परत. वाळू मिसळलीये." मी कुंपणावरून डोकावले. हिरवळ नेहमीसारखी भादरलेली, मधोमध मात्र वाळके दांडे जसेच्या तसे उभे. आज माझ्या अंगणात जे फुललं आहे, ते त्या पाकिटातलं.

तक्रारी मी माफ केलेल्या नाहीत.

साक्षीदार : १. माझं डोकं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरचे घड्याळजी (सही)
ठिकाण : माझी खोली, खिडकीजवळ
दिनांक : वकील घालतील तो; माझ्या हिशेबाने फुलं आल्याचा सहावा दिवस
(सही) मी स्वतः

ता.क. साक्षीला मी सरांनाही बोलावलं होतं. ज्याला काही मिळायचं त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून वकिलांनी त्यांना अंगणात बसवलं. काय मिळणार, ते त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. आत्ता ते जावईबापूंवर खेकसताना ऐकू येत आहेत : "अहो, दांड्यांना हात लावू नका! पिल्लं आहेत आत!"