सर्वांत हलका सभासद

१० ऑक्टोबर १९३७, रविवार

सभेला चौघे! बावीस सभासदांचं डोणगाव हौशी विमान मंडळ, आणि हजर चौघे. एक मी, चिटणीस. दुसरे शेषराव पाटील, अध्यक्ष — त्यांच्या कापूस पिंजायच्या बंद जिनाच्या शेडमध्येच सभा, म्हणून आले. उरले बशीर सुतार आणि हैदर इंजिनवाला. म्हणजे ज्यांना विमान बनवता येतं ते दोघे. बाकीचे अठरा विमानाविषयी बोलणारे. आज तेही नाहीत.

पाटील म्हणाले, "मास्तर, मंडळ हाय का मेलं? संक्रांतीपावतर शेडीत मानसं दिसली नाई तं मी कापूस भरतो."

कापूस भरला की संपलं. वीस फुटी पंख ठेवायचे कुठे? माझ्या ओसरीवर? दोन वर्षं बशीर रंधा मारतो आहे. जुन्या फटफटीचं इंजिन हैदरनं तीनदा खोललं, तीनदा जोडलं. आणि मला — इथं लिहायला काय लाजायचं — मला हे विमान एकदा उडताना पाहायचं आहे. बावीस वर्षं पोरांना उजळणी म्हणवून घेतली. एवढं एक तरी पाहू दे.

१७ ऑक्टोबर

सभासदांत उत्साह यावा म्हणून हिंमतराव वकिलांचं व्याख्यान ठेवलं. दीड तास बोलले. विमानाचा उल्लेख एकदा, तोही आभार मानताना. श्रोते पाच.

मग मंडळाच्या शिक्क्याचा विषय काढला. शिक्क्यावरच्या गरुडाचे पंख उघडे असावेत की मिटलेले? ही बातमी गावात गेली मात्र, अर्ध्या तासात चौदा जण हजर! दोनदा मतदान झालं. पंख उघडे ठरले. वकिलांनी विरोध नोंदवला. आमच्या विमानाचा डावा पंख अजून सांगाडाच आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

२५ ऑक्टोबर, सोमवार

बशीर बुलढाण्याला सरस आणायला गेला होता. हात हलवत परत आला! "भुललो, मास्तर." दोन दिवस मोडले आणि सरस विसरला! मी बरंच तोंड सोडलं. तो रांजणातून तीन लोटे पाणी प्यायला आणि मग म्हणाला,

"एक सांगू का? इंजिन लहान हाय. जड मानूस उचलनार नाई. जो सभासद सगळ्यात हलका, त्यालेच बसवा. जिनातला काटा हाय ना? दर इतवारी वजन करा. मंग पाहा कसे येते लोकं."

कल्पना पहिल्या दर्जाची! सभेत मी मांडेन. बशीरला श्रेयाची हाव नाही, आणि मला थोडी आहे.

३१ ऑक्टोबर

सतरा हजर! कापसाच्या गाठी तोलायचा काटा, त्यावर एकेक सभासद. आकडे मी वहीत लिहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. शेषराव पाटील २११ पौंड. ("काटा जुना हाय.") वकील १६३. मी १४८. बशीर १३१. हैदर १२८ — सर्वांत हलका म्हणून टाळ्या. शेवटचं वजन २३ जानेवारीला, उड्डाण त्यानंतरच्या रविवारी. ठराव एकमतानं मंजूर. या मंडळात हे प्रथमच.

७ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि गावात चकल्या उरल्या! पाटलांच्या पत्नी तानुबाईंचा निरोप: "तुमच्या इमानापायी आमच्या घरी कोनी जेवत नाई."

रोजे सुरू झाले. वकिलांनी हरकत घेतली — मुसलमान सभासदांना महिनाभर अन्यायकारक फायदा. हैदर म्हणाला, "तुमी बी धरा ना. कोनं मना केलं?" पाटलांनी खरंच धरला! पहाटे उठून दहा पुऱ्या, संध्याकाळी पुन्हा दहा. आज २१३.

२१ नोव्हेंबर

नऊ नवे सभासद. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आवळ्याचा रस, गरम पाणी, सूर्यनमस्कार, सगळ्यांवर वाद. लाकडाला हात लावायला मात्र कुणी नाही. बशीर एकटाच कोपऱ्यात पंख घासत असतो.

तो रोजे धरत नाही. दिवसाढवळ्या पाणी पितो. हैदर आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही, मग त्यानं न राहवून विचारलं, "काऊन बे, रोजे काऊन सोडले?" बशीर म्हणाला, "तब्येत." एवढंच. दुपारी चार भाकरी आणि कांदा खातो, आणि काटा दाखवतो ११७! वकिलांना संशय — चोरून जुलाब घेतो. चौकशी समिती नेमली. समितीनं त्याच्यासोबत दोन दिवस भाकरी खाल्ली. समितीचं वजन वाढलं.

घरी बायको, कोकिळा, म्हणाली, "त्या मानसाले काई तरी झालं हाय. डोये पाहा त्याचे." मी म्हटलं, काटकपणा म्हणतात याला, तुला काय कळतंय. ती भांडी घासायला निघून गेली.

१२ डिसेंबर

वकील डोकं आणि मिशा भादरून आले. फरक शून्य. बशीर १०८.

१४ जानेवारी १९३८, संक्रांत

शेड तुडुंब! पाटील म्हणाले, "कापूस दुसरीकडं ठेवू." वाचली शेड! तिळगूळ कुणी खाल्ला नाही, सगळ्यांनी खिशात घातला.

विमान पुरं झालं. शेवटचा खिळा बशीरनं ठोकला तेव्हा सभासद काट्यापाशी रांगेवरून भांडत होते.

२३ जानेवारी

बशीर ९७! हैदर ११९. मी १४४ — तीन महिने अर्धपोटी राहून चार पौंड! बशीरला हार घातला. वकिलांनी वजन पुन्हा करायला लावलं. हारासकट ९९. तरी बशीरच. पाटील कौतुकानं म्हणाले, "काय मानूस हाय! जिद्द म्हनतात ते हेच."

३० जानेवारी, रविवार

उडालं! उडालं!

गायरानात दोन हजार माणूस. बशीरला बसवायला हैदरनं त्याला लेकरासारखं उचललं. सगळे हसले, मीही. इंजिन दोनदा विझलं, तिसऱ्यांदा लागलं. विमान धावलं, उसळलं आणि जमीन सुटली. नाल्यावरून गेलं! बाभळींच्या वरून! पलीकडच्या कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात उतरलं, एक चाक मोडलं. आम्ही धावत पोचलो तो बशीर तसाच बसून हसत होता. म्हणाला, "मास्तर, वरून आपलं गाव लई लहान दिसते." मी सगळ्यांदेखत रडलो. पाटलांचं भाषण चाळीस मिनिटं.

१ फेब्रुवारी

उघड्या पंखांच्या शिक्क्याचं मानपत्र घेऊन बशीरकडे गेलो. तो आत निजला होता, पाणी मागत होता. त्याची बायको सरवरी पडद्याआडून बोलली, "ते सरस आनाले गेलेच नवते, मास्तर. बुलढान्याच्या डाक्टरले दाखवाले गेले होते. डाक्टर म्हने साखरेची बिमारी हाय, मानूस असाच उतरत जाते. सुई मुंबईले भेटते म्हने, रोज टोचा लागते. आपल्याच्यानं कुठची होते? घरी आले तं रातभर झोपले नाई. सकाळी एकदम हसले. म्हने, सरवरी, आता इमानात मीच बसतो."

वजनाची वही माझ्या अक्षरात आहे. दर रविवारी आकडा मीच मोठ्यानं वाचला, आणि टाळी पहिली माझी असायची.