बारा नंबरचं गेट

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आईचं ऐकत नाही आणि आई डॉक्टरांचं, त्यामुळे घरात रोज जुगलबंदी. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत. फोटो काढू देत नाही. माझं काम तेच, कुठलं विमान कुठल्या गेटला लावायचं ते ठरवायचं. हल्ली मी लिहिलेला प्रोग्रॅमच ते ठरवतो. प्रवाशांची पायपीट कमी व्हावी, पुढची विमानं चुकू नयेत, एवढंच तो बघतो.

परवा फोनवर तू पुन्हा म्हणालीस, "सकाळचं विमान घेतलं असतं तर बाबा भेटले असते." वर्षभर तू हेच म्हणतेयस आणि मी "हं" म्हणून विषय बदलतोय.

ताई, त्या दुपारी तुझं विमान वेळेवर उतरलं होतं. बारा नंबरचं गेट रिकामं होतं. पण मागून येणाऱ्या विमानातल्या चौतीस जणांना लगेच पुढचं विमान गाठायचं होतं, म्हणून प्रोग्रॅमने ते गेट त्यांच्यासाठी राखलं आणि तुमचं विमान बाहेर थांबवलं. चाळीस मिनिटं. तुम्हाला 'गर्दी आहे' एवढंच सांगितलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, यात तुमची बहीण आहे ना? बदलू का?" एका बटणाचं काम.

मी म्हटलं, "राहू दे. नियम सगळ्यांना सारखा."

तू दवाखान्यात पोचलीस तेव्हा बाबांना जाऊन पाव तास झाला होता.

चौतीसही जणांना विमान मिळालं. नंतर मी दहादा तपासलं, गणित बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त गणित नव्हतं. तीन आठवडे बाबांचं अंग मी पुसत होतो, आणि डोळे उघडले की ते माझ्याकडे बघून विचारायचे, "ताई आली का?" रोज. त्या दुपारी मनात आलं, थांबू दे तिलाही जरा. डॉक्टरांनी अजून दोन दिवस सांगितले होते... नाही, सबब देत नाही.

काल आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिचं आहे तिला सांग."

भांडायचं असेल तर भांड. बोलायचं नसेल तर तेही समजेन. फक्त स्वतःला बोल लावणं थांबव. तू वेळेवर आली होतीस, ताई. उशीर मी केला.

तुझाच म्हणवून घ्यायला आज कचरणारा,
धाकटा