भरदिवसा दिलेला डिपर

बाबा, आज सकाळी भांडुपजवळ समोरून येणाऱ्या एका टेम्पोने भरदिवसा दोनदा डिपर मारला आणि गाडीत एकटीच असूनही मी मोठ्याने म्हणाले, "हळू घे गो, पुढे हवालदार आसा." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शब्द तुमचेच आले. इतका आनंद झाला की घरी येऊन चपला न काढताच लिहायला बसलेय.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तुम्ही आठवडाभर विक्रोळीच्या कारखान्याची बस चालवायचात आणि रविवारी मला शिकवायला मित्राची फियाट मागून आणायचात. मंगळवारी टेस्ट. आपल्या चाळीत गाडी चालवणारी मी पहिली मुलगी होणार, या विचाराने माझे पाय जमिनीवर नव्हते. आपण हायवेने मुलुंडकडे निघालोय, खिडक्या उघड्या, तुमचा हात हँडब्रेकवर. समोरून एक ट्रक येतो आणि लख्ख उन्हात दोनदा दिवे मारतो. "हळू घे गो, पुढे हवालदार आसा," तुम्ही म्हणता. ना ओळख ना पाळख, आणि त्या माणसाने आपल्याला सांगितलं, याचंच मला केवढं अप्रूप. "हे कायद्यात बसतं, बाबा?" "डिपर वळणावर द्यायचा, ओव्हरटेक करताना द्यायचा. पोलिसासाठी द्यायचा, असं पुस्तकात कुठे नाय. हवालदाराने बघितलं तर ओरडतो." "मग ड्रायव्हर लोक देतात कशाला?" "चुकलेल्याक सुधारूक अर्धो मैल गावता, म्हणून." मग माझ्याकडे वळून विचारलंत, "आपलं सगळं बरोबर आसा ना?" मी म्हणाले, हो.

हवालदाराने हात केला. पुढची 'एल'ची पाटी जागेवर नव्हती. तुम्ही उतरलात, बंपरपाशी वाकून पाहिलंत आणि ताठ उभे राहून म्हणालात, "दोरी तुटून पडली असेल, साहेब. वीस वर्षं बस चालवतोय, एक तक्रार नाही. माझी मुलगी लपवाछपवी करणारी नाही." त्याने तुमच्या लायसन्सची जुनी वही चाळली आणि सोडून दिलं. पुढे मी समोरच्या प्रत्येक गाडीला डिपर देत सुटले, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "पुरे गो, बॅटरी उतरवशील." मंगळवारी मी पास झाले. तुम्ही बसमधल्या सगळ्या कामगारांना पेढे वाटलेत.

दोरी तुटली नव्हती, बाबा. मुलुंडच्या मैत्रिणी शिकाऊ म्हणून हसतील, म्हणून निघतानाच मी ती सोडली होती. पाटी माझ्याच सीटखाली होती. ट्रकवाल्याने अर्धा मैल दिला होता, तुम्ही विचारलंतही, आणि मी तुम्हाला त्या हवालदारासमोर माझ्यासाठी शब्द टाकू दिला.

हे पत्र आता गाडीच्या कागदपत्रांत ठेवतेय. आज टेम्पोने डिपर दिल्यावर मी पट्टा पाहिला, वेग पाहिला, सगळं बरोबर होतं. तरीही हवालदार मागे पडेपर्यंत माझा हात सीटखाली चाचपडत होता.